चौतिशीतली कंबर

खिडकीचं जाड लाकडी दार ओढून घेताना इलारिओची कंबर धरली आणि तो बोंबलत पलंगावर आडवा झाला. धंद्यापायी त्याने अशा पलंगांवर बरेच आवाज काढले होते. हा पहिला खरा होता.

गल्लीत मानाने ‘डॉन’ म्हणवले जाणारे एर्मान्नो घाबरून नुसतेच उभे राहिले. औषधांचं दुकान बंद करून घरी बसलेले विधुर, इलारिओचं सहा वर्षांचं पक्कं गिऱ्हाईक. नेपल्सच्या त्या जुन्या इमारतीत भिंती पातळ. शेजारची कॉन्चेत्तिना आपल्याकडची किल्ली लावून थेट आत आली. हा कोण, असं तिने विचारताच, बायकोचा भाचा, अर्जेंटिनाहून आलाय, असं एर्मान्नोंनी ठोकून दिलं. बायको एकुलती एक होती, हे त्यांना मागाहून आठवलं. कॉन्चेत्तिनाने वाद घातला नाही. तेल कोमट करून आणलं आणि चोळायला बसली.

“वय काय रे तुझं?”

“चौतीस.”

“ते तोंडाचं. कंबरेचं सांग.” तिने अंगठा रुतवला.

“बेचाळीस!”

दारात उभ्या एर्मान्नोंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

इलारिओ दोन दिवस तिथेच पडून होता. एर्मान्नो सोफ्यावर झोपत आणि त्याला शेंगदाण्यांएवढ्या पांढऱ्या घेवड्याचं सूप भरवत. मीठ हवं का, उशी उंच हवी का, असं विचारत. इलारिओ गोंधळून जाई. काय हवं, हा प्रश्न आजवर त्याने दुसऱ्यांना विचारलेला. स्वतःचं उत्तर त्याच्यापाशी तयार नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो उभा राहिला. वाकता येईना, म्हणून एर्मान्नोच गुडघे टेकून त्याच्या बुटांची नाडी बांधायला बसले.

“मी तुला अडुसष्ट सांगितलं होतं,” ते मान वर न करता म्हणाले. “पंच्याहत्तर झालीत.”

“म्हणजे दोघांनी मिळून पंधरा वर्षं गिळली.”

गाठ बसली, पण एर्मान्नोंना उठता येईना. इलारिओने हात पुढे केला. तो खाली पोचेना. खिशात फोन थरथरला. संध्याकाळचं गिऱ्हाईक होतं, वेळेचं पक्कं.

“जा तू,” एर्मान्नो जमिनीवरून म्हणाले. “मी उठेन हळूहळू.”

इलारिओ पलंगाचा कठडा धरून बेताबेताने खाली बसला. फोन बंद करून त्याने उशीखाली सारला.

“सूप उरलंय का?”

“आहे. पण उठणार कोण?”