हॉल मिळणेबाबत

माझे वडील शंकरराव एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं नागपुरातल्या एका कार्यालयात जन माहिती अधिकारी होते. माहितीच्या अधिकारात कुणी अर्ज केला की त्याला उत्तर देणं हे त्यांचं काम. उत्तर देणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं, हे त्यांनी मला मी कॉलेजात असतानाच समजावून सांगितलं होतं. 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे', 'माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित आहे', 'सदर अभिलेख आढळून येत नाही' ही वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. असा माणूस अमेरिकेत येऊन स्वतःच अर्जदार झाला तर काय होतं, ते मी याच मार्च महिन्यात बघितलं.

ते नोव्हेंबरात आमच्याकडे आले. हर्नडन नावाच्या शहरापासून पंधरा मिनिटांवर आमचं गाव आहे. घरात मी, माझा नवरा अतुल आणि अकरा वर्षांची हर्षिता. पप्पांचं परतीचं तिकीट वीस एप्रिलचं होतं आणि ते मुद्दाम तसं काढलं होतं, कारण त्यांना बाबासाहेबांची जयंती इथे बघायची होती.

आता आमच्या जयंतीची गंमत सांगते. आमच्या ग्रुपमध्ये पस्तीसेक कुटुंबं आहेत. नागपूर, पुणे, औरंगाबाद, कुठून कुठून आलेली. आणि जयंती होते अपर्णाकाकूंच्या बेसमेंटमध्ये. गेल्या वर्षी सव्वाशे माणसं होती. जिन्यावर चपलांचा डोंगर, आणि वक्ते वॉशिंग मशीनला टेकून समतेवर बोलत होते. बेसमेंट काकूंनी मोठ्या मनाने दिलेलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावात लखलखीत कम्युनिटी सेंटर आहे, त्यात दोनशे माणसांचा हॉल आहे आणि रहिवाशांना तो मिळतो. आम्ही दर जानेवारीत एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारसाठी तो मागतो. मागायचं काम माझ्याकडे. आणि दर जानेवारीत तीच ईमेल येते: या तारखेसाठी आणखीही मागणी आलेली आहे, दहा दिवसांत सर्वांनी आपसात ठरवावे, अन्यथा सर्व मागण्या रद्द समजाव्यात. दुसरं कोण, ते सांगत नाहीत. प्रायव्हसी. मग आपसात ठरवायचं तरी कुणाशी, हे विचारायला मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा व्हॉइसमेलवर गेले.

ही तिसरी खेप होती. आयुष नावाचा आमचा एक उत्साही सॉफ्टवेअरवाला आहे. त्याच्या मते ते क्रिकेटवाले असणार. काकूंना शेजारच्या चर्चच्या गायकमंडळाचा संशय होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळे आमच्याकडे चहाला जमले असताना पुन्हा तोच विषय निघाला.

"यंदा पण बेसमेंटच करूया," अतुल म्हणाला. "जाऊ दे ना यार."

पप्पांनी कप खाली ठेवला. "तीन वर्षं," ते म्हणाले, "एकच तारीख, आणि दर वर्षी दुसरं कुणीतरी मागतंच?"

त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. 'जागा रिकामी नाही' हे वाक्य त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर ऐकलं होतं, आणि जागा समोर रिकामी दिसत असताना ऐकलं होतं. आम्ही इकडे येऊन ते विसरलो असू. पप्पा विसरले नव्हते.

"संशय घेत बसू नका," ते म्हणाले. "कागद मागा. कुणी मागितला, कधी मागितला, शेवटी कुणाला दिला. मला जयंती सरकारी हॉलमध्ये बघायची आहे. नाही मिळाला तर नाही, पण का नाही मिळाला ते कागदावर बघून जाईन."

"आजोबा, यू कॅन जस्ट फाइल अ रेकॉर्ड्स रिक्वेस्ट," हर्षिता मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "वुई लर्न्ड इट इन सिव्हिक्स."

पप्पांनी नातीकडे असं बघितलं की जणू ती बारावीला बोर्डात पहिली आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला. अर्ज माझ्या नावाने, मजकूर पप्पांचा. कोर्ट फी स्टॅम्प कुठे लावायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. लावायचा नसतो, म्हटल्यावर त्यांना अर्ज कच्चा वाटू लागला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली: गेल्या सात वर्षांतील हॉलसंबंधीची सर्व पत्रे, टिपण्या, शेरे, आवक-जावक नोंदवह्या आणि अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्यांसह साक्षांकित प्रती. मी म्हटलं, "पप्पा, एवढं कशाला?" ते म्हणाले, "मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलो आहे. अर्जात एक भोक राहिलं की आम्ही त्यातूनच निसटायचो." मी निमूट टाइप केलं. वडिलांशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेली नाही.

अर्ज पाठवताच एक नंबर आला. त्या नंबरावरून अर्ज कुठे पोचला ते वेबसाइटवर बघता येतं. हे मी पप्पांना सांगितलं ती माझी चूक. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाआधी स्टेटस. रिसीव्ह्ड दिसलं तेव्हा म्हणाले, "आवकला पडला." असाइन्ड दिसलं तेव्हा, "टेबल बदललं." इन रिव्ह्यू दिसलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली. आता तीस दिवस संपायच्या आदल्या दिवशी उत्तर येणार."

चौथ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. गावाच्या रेकॉर्ड ऑफिसातली बाई होती, डोरीन. आवाजावरून साठीची आणि अतिशय निवांत. म्हणाली, तुम्ही फार पसारा मागितला आहे, त्याला आठवडे लागतील. तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा, मी तेवढंच काढून देते. मी सांगितलं. ती म्हणाली, एप्रिलच्या शनिवारांची यादी ना, गुरुवारी पाठवते.

हे पप्पांना सांगितल्यावर ते आधी संशयाने म्हणाले, "अधिकारी स्वतः अर्जदाराला फोन करतो? कशासाठी?"

"मदत करायला."

ते खिडकीशी जाऊन बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे एक रिटायर्ड मास्तर यायचे. सर्व्हिस बुकातली एक नोंद हवी होती. मी दोनदा लिहून दिलं, अभिलेख आढळून येत नाही. तिसऱ्यांदा शोधलं तर सापडली, बाजूच्याच कपाटात. मी एक फोन करून, काय हवंय गुरुजी, असं विचारलं असतं तर त्यांच्या उन्हाळ्यातल्या तीन चकरा वाचल्या असत्या." मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्यांचा अभिमानही वाटला. हे कबूल करणारे फार थोडे असतात.

गुरुवारी यादी आली. पप्पांनी मला ती एकटीने उघडू दिली नाही. "सगळ्यांसमोर वाचन होईल." त्यामुळे रविवारी दुपारी आयुष, अपर्णाकाकू, अतुल, हर्षिता, पप्पा आणि मी टीव्हीसमोर बसलो. पीडीएफ स्क्रीनवर. अर्जदारांची नावं काळ्या पट्ट्यांखाली झाकलेली.

"त्रयस्थ व्यक्ती," पप्पा जाणकारासारखे म्हणाले. "मीही हेच केलं असतं. बाकीचं वाच."

बाकीच्या रकान्यांत अर्जाची वेळ होती, आणि 'कार्यक्रमाचं स्वरूप व विशेष गरजा'. या वर्षीच्या तारखेला एकूण पाच अर्ज. पहिला आठ वाजून शून्य मिनिटं: डॉ. आंबेडकर जयंती, सव्वाशे माणसं. तो माझा.

दुसरा आठ वाजून एक मिनिट. मी मोठ्याने वाचला: "डॉ. आंबेडकर जयंती. प्रोजेक्टरला एचडीएमआय असणं मस्ट."

सगळ्यांनी आयुषकडे बघितलं. एचडीएमआयवर त्याने प्रत्येक मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं खाल्लेली आहेत.

"अगं ताई, मी सेफ्टीसाठी टाकला होता," तो म्हणाला. "तुझं नेट स्लो असलं तर?"

तिसरा आठ वाजून तीन मिनिटं: "जन्मदिनाचा कार्यक्रम. खिरीचं मोठं पातेलं मावेल असा मायक्रोवेव्ह आहे का?"

अपर्णाकाकूंनी पदर सारखा केला. "मी म्हटलं, बेसमेंट माझं जातंय, तर प्रयत्न मीही करायला हवा."

चौथा आठ वाजून सहा मिनिटं: "जयंती. पार्किंग दाराजवळ हवं, माझी बायको फार सामान आणते."

हा वाचून झाल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. सरकारी दस्तऐवजात, काळ्या पट्टीच्या आड लपून, माझी बदनामी. मी बेडरूममधून हॉल मागत होते तेव्हा हा किचनमधून मागत होता. "तत्काळ तिकीट काढताना आपण काय करायचो?" तो म्हणाला. "चार जण चार फोन घेऊन बसायचो ना? सवय आहे यार." आणि ते खरंच होतं. एकाने काढलं म्हणजे निघालं यावर आपला जन्मात विश्वास बसत नाही. ग्रुपमध्ये ठरलं होतं की अर्ज फक्त संघमित्राने, म्हणजे मी, करायचा, म्हणून केल्याचं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याने मागितला आहे अशी ईमेल प्रत्येकाला आली आणि प्रत्येकाने त्या दुसऱ्याला मनापासून शिव्या घातल्या.

"बेजबाबदारपणाचा कळस आहे," पप्पा कडाडले. "शिकलेली माणसं तुम्ही. एका कामाला एक अर्ज, हा प्रशासनाचा पहिला नियम. पाचवा वाच. पाचवा कुणाचा, ते तरी कळू दे."

पाचवा आठ वाजून चौदा मिनिटं. मी वाचायला लागले: "विषय: हॉल मिळणेबाबत. माननीय महोदय किंवा महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..."

इंग्रजीत होतं सगळं, पण कडेला समास सोडलेलासुद्धा दिसत होता.

पप्पांनी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा घातला.

"आजोबा," हर्षिता म्हणाली, "दॅट्स यू."

"तुझ्याच आयपॅडवरून केला," पप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "तुझ्या आईचा फॉलो-अप कमी पडतो, असं वाटलं."

सगळ्यात आधी काकू हसल्या. मग आयुष सोफ्यावरून खाली घसरला. मी रागवायचं ठरवलं होतं, पण पप्पांचे खांदे हलायला लागले आणि माझाही धीर सुटला. मागच्या दोन वर्षांची पानं बघितली. तिथेही आम्हीच. चार अर्ज आणि चार अर्ज, आणि शेवटच्या रकान्यात तिन्ही वर्षं एकच शब्द: रिकामा. आम्ही वॉशिंग मशीनशेजारी उभे होतो तेव्हा दोनशे खुर्च्यांचा हॉल कुलूप लावून आमचीच वाट बघत होता.

हसून झाल्यावर पप्पांनी डोळे पुसले. "रोज फिरायला जाताना त्या चर्चवाल्यांकडे मी वाकड्या डोळ्यांनी बघायचो," ते म्हणाले. "ती माणसं मला हात करायची. कागद मागितला नसता तर हा राग मी तसाच नागपूरला घेऊन गेलो असतो आणि मरेपर्यंत सांगत बसलो असतो."

मग पुन्हा अर्ज करायचा ठरला. दुसरा शनिवार अजूनही मोकळाच होता. पण मी आता कुणावर विश्वास ठेवणार नव्हते. कणीक मळायची परात आणली आणि सगळ्यांचे फोन त्यात ठेवायला लावले. अतुलचा लॅपटॉपही. हर्षिताने आपणहून आयपॅड आणून ठेवला आणि आजोबांकडे बघितलं. मग मी एकटीने अर्ज केला. पाच माणसं परातीवर पहारा देत बसली होती. चहा उकळायच्या आत ईमेल आली: मंजूर. मला इतका आनंद झाला की मी अतुलला माफ केलं, निदान त्या दिवसापुरतं.

अकरा एप्रिलला आम्ही सकाळीच पोचलो. सामान खरंच फार होतं. पप्पांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि निळा कोट घातला होता. दारातून आत आल्यावर लॉबीत एक मोठी स्क्रीन आहे, तिच्यावर दिवसभराचे कार्यक्रम दिसतात. योगा. पॉटरी. आणि तिसरी ओळ: मोठा हॉल, अकरा ते चार, डॉ. बी. आर. आंबेडकर जयंती.

पप्पा तिथेच थांबले. मागून आयुष बॅनर, स्पीकर, काय काय ओढत येत होता, त्याला वळसा घालून जावं लागलं.

"हे संध्याकाळी पुसतील ना?" त्यांनी विचारलं.

"स्क्रीनवरून जाईल. पण रेकॉर्डला राहणार. अर्ज, मंजुरी, तारीख, सगळं."

"आणि कुणी मागितलं तर?"

"कुणीही मागितलं तरी द्यावं लागतं, पप्पा."

त्यांनी ती ओळ ओठ हलवत पुन्हा एकदा वाचली. "माझ्या बापाची कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही," ते म्हणाले. "कुठे बसला, कुठे बोलला, काहीच नाही. आता कुणी विचारलं की ही माणसं त्या दिवशी कुठे होती, तर सरकारचा कागद सांगेल, आत होती."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही आत गेलो.