ठरावाची सूचक

विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, हा ठराव आमच्या ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला. सूचक मी, संयोगिता, ग्रामपंचायत सदस्य. वडूजहून पेढे आणले, फोटो काढले, भाषण तर असं ठोकलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

चार महिन्यांनी माझा सख्खा दीर विश्वजीत फलटणच्या रस्त्यावर अपघातात गेला. तिरडी उचलायच्या आधी चुलतसासू शालूबाई पुढे आल्या. गावातल्या विधवांच्या बांगड्या त्याच फोडत आलेल्या. त्यांनी माझ्या जावेचा, दीपमालाचा, हात धरला. दीपमालाने माझ्याकडे पाहिलं. सगळी भावकी जमली होती, सासरे भिंतीला टेकून बसले होते, आणि मी म्हणाले, "पाणी आणते." गेले ती स्वयंपाकघरातच उभी राहिले. काच फुटल्याचा आवाज मी तिथून ऐकला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

त्यानंतर मी ठरावाचं नाव काढेना. बचत गटातल्या बायका तोंडावरच म्हणाल्या, "आवं, आदी सोताच्या घरात बगा." खोटं काय होतं त्यात? वर्षभर दीपमालाच्या मोकळ्या हातांकडे बघायची मला लाज वाटायची. एकदा दोघी भाकरी करत होतो, तेव्हा रडूच फुटलं. माफ कर म्हणाले.

ती म्हणाली, "ठरावात काय लिवलंय मला ठावं न्हाई, अक्का. त्या टायमाला माजा हात धरायला कोन तरी पायजे हुतं. येवडंच."

मग मी ठरवलं, आता भाषण नाही, फोटो नाही. एकच काम. मयताच्या घरी तिरडी बांधायच्या आत पोचायचं, त्या बाईचे हात धरायचे आणि मयत उचलेपर्यंत सोडायचे नाहीत. पहिल्याच घरातून मला हाकललं. "मयताच्या दारात राजकारन करताय व्हय?" दुसऱ्या घरी मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

तिसरं घर शालूबाईंचंच. त्यांचे मालक नाथाजी गेले. या वेळी दीपमाला आपणहून माझ्याबरोबर निघाली. आम्ही जाऊन बसतो तोच शालूबाईंनी स्वतःच हात पुढे केले. "फोडा गं. गावच्या लेकीबाळींच्या मी फोडल्या. माज्या ठिवल्या तर कुनाला तोंड दावू?"

एक हात मी धरला. दुसरा दीपमालाने. शालूबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि हमसून रडल्या. "तुज्यावर लय अन्याव केला गं मी." दीपमालाने हात सोडला नाही. भावकीतलं कुणीतरी खाकरलं, पुढे मात्र कुणी आलं नाही. मयत उचललं. शालूबाईंच्या हिरव्या बांगड्या हातातच राहिल्या.

परतताना मला राहवलं नाही. "जमलं की गं!"

"व्हय, जमलं," दीपमाला म्हणाली. थोडं चालून ती थांबली. "अक्का, येवडंच करायचं हुतं व्हय?"

रागाने म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती खरंच विचारत होती.