खलीलच्या नावावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, भूत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कासू गावात माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातं. भाताच्या कणगीशेजारी एका फळीवर माझा मुक्काम असतो. रोह्याची गाडी स्टेशनात शिरली की फळी थरथरते. माझ्या पोटात एक पाल राहायची, तिनं कधी भाडं दिलं नाही.

तरुणपणी मी नागोठण्याजवळच्या एका कचेरीत होतो. दिवसभर हजेऱ्या नोंदवायच्या, शिफ्ट बदलली की पुन्हा हजेऱ्या. म्हातारा झालो तशी माझी रवानगी पेणच्या भंगारवाल्याकडे झाली. तिथून मला खलीलनं उचललं. आखातात इलेक्ट्रिशियनचं काम करून तो कायमचा घरी परतला होता. त्यानं मला ओटीवर उघडलं, आपल्या दाढीच्या ब्रशानं धूळ झाडली आणि पोटात मोठी डिस्क बसवली. घरातली सगळी शूटिंगं, गाणी, सिनेमे माझ्यात भरले आणि मला टीव्हीला जोडलं. मग ते इंटरनेटवरून मुलांनाही खुले केले. मुलगी माहिरा लग्न होऊन दोहाला गेलेली, मुलगा तमीम कुवेतला. तिकडं बसून दोघं माझ्यातलं हवं ते बघत.

प्रत्येकाला वेगळं नाव द्यायची सोय माझ्यात होती. तमीमनं फोनवर तसं सुचवलंही. पण खलील ऐकेल तर शपथ! “घर एक, चूल एक, मग नावं वेगळी कशाला रे?” म्हणाला. सगळ्यांनी ‘खलील’ याच नावानं आत यायचं, असं ठरलं. आता माझी रीत अशी, की सिनेमा जिथं सोडाल तिथवर एक लाल रेघ राहते. त्याच नावानं दुसरा कोणी आला, तर त्याला तिथूनच पुढचा दिसतो. त्यामुळे तमीमनं तिकडं अर्धा बघितलेला सिनेमा इथं खलीलची बायको अजरा लावायची आणि कपाळावर हात मारायची, “अहो, ह्या हिरोचा बाप मेला कधी?” खलील पोट धरून हसायचा. शुक्रवारी नमाज पढून आला की तो माझ्यावर ब्रश फिरवायचा. अजरा म्हणायची, “स्वतःची दाढी वाढलीय आन् डब्याची हजामत चाललीय.” काय मजेचे दिवस होते ते!

मग ऐन पावसाळ्यात खलील गेला. छातीत कळ आली, पेणला नेताना वडखळच्या अलीकडंच सगळं संपलं. तमीम कसाबसा आला. माहिराला मातीलाही पोचता आलं नाही. ती फोनवर एकच म्हणत होती, “अम्मी, मला अब्बांचा आवाज पायजे गो.”

आवाज माझ्याकडं होता. माहिराच्या लग्नाचं शूटिंग खलीलनं स्वतः केलेलं. त्यामुळे त्यात तो कुठंच दिसत नाही, नुसता बोलतो. शेवटी मुलगी गाडीत बसते, तेव्हा म्हणतो, “रडू नको गो अजरा, कॅमेरा हलतोय.” हलत होता तो त्याचाच हात. कॅमेरा खाली जातो आणि त्याच्या तपकिरी चपला दिसतात. अख्ख्या लग्नात तो तेवढाच दिसतो.

दुपारचं आवरलं की अजरा ते लग्न लावायची. मुलगी गाडीकडं निघाली की तिला बघवत नसे, ती तिथंच थांबवायची. दुसऱ्या दिवशी लावायला जावं, तर रेघ पुढं गेलेली, पार चपलांपर्यंत! अजरा रेघ मागं आणायची, पुन्हा बघायची, पुन्हा तिथंच थांबवायची. सकाळी रेघ पुन्हा पुढं. घरात दुसरं कोण होतं? एकदा मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजाच्या वेळी टीव्ही बंद, आणि माझा हिरवा दिवा आपला लुकलुकतोय. अजरा दारातच थिजली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही बघताय व्हय?”

मला दिसत होतं, हाक दोहाहून येत होती. पण नाव मात्र खलीलचं. मी बापडा काय बोलणार?

शेजारची शांती म्हणाली, “भाभी, जीव अडकलाय त्यांचा. बंद कर तो डबा.”

“नाय गो. मला बघवत नाय ते शेवटचं त्ये बघतात. बघू दे.”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण अजराची भीती केव्हाच गेली होती. ती पोटभर जेवू लागली. दुपारी माझ्याशी बोलायची, भांडायचीसुद्धा. कधी कधी मलाच शहारा यायचा.

मग तमीम रजेवर आला. अब्बा रोज लग्न बघतात, असं आईनं कौतुकानं सांगितलं आणि पोराचा चेहरा उतरला. “अम्मी, ती माहिरा हाय. सगळ्यांचं नाव एकच नाय का आपलं?” आईच्या डोक्यावर परिणाम होईल या धास्तीनं त्यानं त्याच दिवशी तिघांची वेगळी नावं केली. बापाचं नाव पुसायलाही गेला, पण बोट उचलेना. “ह्या नावाला कोणी हात लावू नका,” असं बहिणीला कळवून तो कुवेतला परतला.

रेघ चपलांपाशी थांबली ती थांबलीच. अजरानं टीव्ही लावणं सोडलं. ताट झाकलेलंच राहायचं. खलील तिच्यापुरता दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी समाचाराला कोणी आलं नाही. माझ्यावर धुळीचा थर बसला. मित्रांनो, भूत असलेल्या घराला लोक भितात. भूत निघून गेलेलं घर कसं असतं, ते मला विचारा.

एका दुपारी माहिराचा फोन आला. आवाज मोठा करून ठेवलेला, म्हणून मीही ऐकला.

“अम्मी, हसू नको. मी रोज ते लग्न शेवटापर्यंत बघायची. दुसऱ्या दिवशी रेघ आपसूक मागं आलेली असायची, मी गाडीत बसायच्या आधी. मला वाटायचं, अब्बा मला जाऊ देत नायत. भाई बोलला तसा मी त्या नावाला हात लावत नाय, नुसती रेघ बघते. आता रेघ मागं येतच नाय गो. अब्बा खरंच गेले काय?”

रेघ मागं आणणारी अजराच होती. आता सांगून टाकते की काय, म्हणून माझा पंखा गरगरला.

“येईल गो मागं,” ती म्हणाली. “संध्याकाळी लाव तू. भाईला सांगू नको.”

फोन ठेवला आणि ती कोनाड्यातला दाढीचा ब्रश घेऊन आली. माझी धूळ झाडली, पाल हाकलली. टीव्हीवर सगळ्यांची नावं आली, त्यांतलं तिनं ‘खलील’ निवडलं. रेघ मागं नेऊन लग्न सुरुवातीपासून बघितलं. मुलगी गाडीकडं निघाली आणि तिनं थांबवलं.

मगरिबला माझा दिवा लुकलुकला. दोहाला कोण बसलंय, ते अजराला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “बघा सावकाश.”

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रावर आठवड्यातून एकदा ब्रश फिरवत जा. आणि गेलेल्या माणसाचं नाव पुसायची घाई करू नका. आमच्याकडं अजून रोज कोणीतरी त्याच नावानं घरी येतं.