पाहुण्याची वाट, घरच्याची वाट

धाकट्याला खोटं बोलता यायचं नाही. म्हणजे तोंडाला यायचं, कानांना यायचं नाही. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालून “मी नाही” म्हणाला की कानाच्या पाळ्या जास्वंदीसारख्या लाल व्हायच्या, आणि वहिनी डबा न उघडताच निकाल द्यायची. पुढे त्याला मिशी फुटली, लग्नही झालं, पण कान काही वयात आले नाहीत.

वहिनी या घरात आली तेव्हा धाकट्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. सासू नव्हतीच. नवरा कसा आहे हे तिला पुढे सावकाश कळलं. दीर मात्र पहिल्याच सकाळी कळला, कारण तो नाडी धरून तिच्यापुढे येऊन उभा राहिला. तिने नाडी बांधली आणि त्याच गाठीत जणू स्वतःलाही बांधून घेतलं. त्याला न्हाऊ घालणं, शाळेत पोचवणं, तापात उशाशी बसणं, आणि टेबलाला हात पुरायला लागल्यावर त्या हातात इस्त्री देणं, सगळं तिनेच केलं.

घराच्या खालीच त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. एका टेबलावर वहिनी, दुसऱ्यावर धाकटा. दादा सायकलवरून गाठोडी आणायचा आणि घड्या पोचवायचा. दादा बोलायचा कमी, त्याच्या वाटणीचंही वहिनीच बोलायची, आणि बोलून उरलं की गायची. ओव्या तिच्या स्वतःच्या, जिभेवर येतील तशा. सुती कपड्यावर पाणी शिंपडून, गुंडाळी करून ती बाजूला ठेवायची आणि ओल सगळीकडे सारखी मुरेपर्यंत कोणाला हात लावू द्यायची नाही. धाकट्याला दम निघायचा नाही. मग कापड कुठे ओलं, कुठे कोरडं, त्याच सुरकुतीवरून दहादा इस्त्री, आणि शेवटी कापडावर नको ती चकाकी. वहिनी रागवायची नाही, नुसती गुणगुणायची:

चार थेंब शिंपडले, गुंडाळून ठेवू गडे,
कापडाच्या काळजात ओल हळूहळू चढे.

धाकट्याची बायको दातांच्या कवळ्या बनवायची. परदेशातल्या एका लॅबमध्ये ती लग्नाआधीपासून कामाला होती, तिकडची कायमची रहिवासीही झाली होती. रजेवर आली, लग्न झालं, रजा संपली, गेली. समोरचा न्हावी वस्तऱ्याला धार लावता लावता हाक मारायचा, “काय नवरदेव, सासरी पाठवणी कधी? रडायला आम्हाला बोलवा हं.” धाकटा हसायचा, कान लाल न होता, कारण त्यात लपवायचं काही नव्हतं. त्याला जायचंच होतं. मग तिकडून फोन आला की तिला दिवस गेलेत, आणि त्याचं हसणं पातळ झालं.

तिला आई नव्हती. बहीण नव्हती. तिकडे एक खोली होती, खिडकीखाली बसथांबा होता, आणि कामावरच्या दोन भल्या बायका होत्या, पण त्यांच्या मागे त्यांची त्यांची पोरंबाळं. पहिलटकरणीच्या उशाशी कोण बसणार, हा प्रश्न इस्त्रीच्या वाफेसारखा दुकानभर भरून राहिला.

व्हिसाची कामं करणारी एक सल्लागारबाई त्यांची जुनी गिऱ्हाईक होती. तिने धाकट्याला कचेरीत बसवून सगळं नीट सांगितलं. वाटा दोन. एक नवऱ्याची: इथूनच अर्ज करायचा, लग्नाचे पुरावे द्यायचे आणि वर्ष-सव्वा वर्ष थांबायचं. पण एकदा कागद हातात आला की राहा, काम करा, या, जा, कोणी अडवणार नाही. दुसरी पाहुण्याची: महिन्याभरात व्हिसा मिळू शकतो, तिथे पोचायचं आणि मग आतूनच अर्ज करायचा. म्हणजे बाळंतपणाला हजर. पण निकाल लागेपर्यंत काम नाही, देशाबाहेर पाऊल नाही, आणि मुख्य म्हणजे देशाच्या दाराशीच विचारतात, परत जाणार ना? तिथे तोंडात ‘हो’ आणि पोटात ‘नाही’ ठेवावं लागतं.

“लोक करतात,” ती म्हणाली. “काहींचं निभावतंही. पण पकडलं गेलं तर खोटं बोलला असा शेरा बसतो, आणि मग नवऱ्याची वाटही बंद होते. मी भरीला घालणार नाही. ठरवायचं तुम्ही.”

खरंच परत यायच्या बोलीने गेलो तर, असं त्याने विचारून पाहिलं. बाई म्हणाली, मनात तसं पक्कं असेल तर जरूर मागा, पण बायको तिकडे, बाळ तिकडे, मग हा माणूस कशाला परततोय, असंच अधिकारी धरून चालतात.

इकडे आड, तिकडे विहीर. त्या आठवड्यात त्याने नवऱ्याच्या वाटेचा अर्ज तर भरला, पण जीव दुसऱ्या वाटेवर घुटमळत राहिला. बायकोचा फोन आला तेव्हा त्याचे आणि वहिनीचे दोघांचेही हात कामात होते, म्हणून फोन टेबलावर उघडा ठेवला होता. दादा गाठोडं सोडत होता. ती आधी कवळ्यांबद्दल बोलली. एका आजोबांनी म्हणे नवी कवळी घालून पहिल्यांदा बायकोला शीळ घालून दाखवली. सगळे हसले. मग ती मुद्द्यावर आली.

“मला ती वाट, ही वाट काही कळत नाही रे,” ती म्हणाली. “त्या वेळी हात धरायला कोणीतरी असावं, एवढंच कळतं.”

दुसऱ्या दिवशी धाकट्याने सांगून टाकलं की तो पाहुणा म्हणून जाणार. होईल ते होईल.

वहिनीने इस्त्री टाचेवर उभी केली. “जा की. मी कोण अडवणार? पण ते दाराशी विचारतात म्हणे. ते उत्तर आधी इथे दे.”

असं म्हणून तिने खुंटीवरचा एका गिऱ्हाइकाचा निळा कोट अंगात चढवला. दादा कळवळला, अगं पोचवायचाय तो. वहिनीने त्याला हातानेच गप्प केलं आणि टेबलामागे ताठ उभी राहिली. समोरून न्हावी साबणाचा ब्रश हातात घेऊन आला, आणि त्याच्यामागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

“नाव नको, काम सांगा,” वहिनी कोटातून म्हणाली. “कशाला आलात?”

“बायकोला भेटायला.” कान गोरे.

“किती दिवस राहणार?”

“तीन आठवडे.”

न्हावी खुदकन हसला. “चढलं, चढलं. डावा आधी चढला.”

धाकट्याने पाळी चोळली. पुन्हा विचार म्हणाला. वहिनीने पुन्हा विचारलं, आणि या वेळी दोन्ही कान असे पेटले की अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा हळहळलं.

“खरंच येईन परत,” तो वैतागून म्हणाला. “ठरवलंय मी. बाळंतपण करून येईन.”

“आणि बाळ मांडीवर घेतल्यावर?” वहिनीने हळूच विचारलं.

 उत्तर कानांवर होतं. तेव्हा त्याला स्वतःलाही पहिल्यांदा कळलं की तो परत येणार नव्हता. ते खोटं तो दाराशी उभ्या असलेल्या कोणा परक्याला नाही, स्वतःलाच सांगत होता.  वहिनीने कोट काढला, खांदे झटकून खुंटीला लावला आणि त्याच्याकडे न बघता गुणगुणली:

पाहुण्याला पाट-पाणी, पाहुण्याला घडीभर,
घरधनी उशिरा ये, त्याचं अवघं आहे घर.

“स्वतःच्या बायकोच्या दारात पाहुणा म्हणून उभा राहू नकोस,” ती म्हणाली. “उशिरा जा, पण घरचा म्हणून जा.”

“आणि तिचा हात?” त्याने विचारलं. “तो कोण धरणार?”

“कोणीतरी धरावा म्हणाली. तूच धरावा, असं म्हणाली का?” वहिनीने इस्त्री पुन्हा हातात घेतली. “पाहुण्याची वाट पाहुण्याने धरावी. मी जाते.”

 जी बाई शेजारच्या शहरात गेली तरी संध्याकाळी परत यायची, ती समुद्रापार जायला निघाली होती, आणि तेही जावेच्या बाळंतपणाला. न्हाव्याला राहवेना. “वहिनी, तुम्ही परत येणार का, ते सांगा आधी. बघू कान.”

“बघा की. परत नाही आले तर हे दोघे गावाचे शर्ट जाळतील. नेसल्या लुगड्यानिशी येईन.”

सगळे वाकून बघू लागले. कान जसेच्या तसे.

दादा इतका वेळ गाठोड्याशी बसून होता. त्याने एकच विचारलं, आणि माझं जेवण? दोन बाप्ये आहात, चूल एक आहे, भांडा, असं वहिनी म्हणाली.  संध्याकाळी धाकटा वर गेला तेव्हा दादा माळ्यावरची बॅग काढून तिच्या अडणाऱ्या चेनीवर मेणबत्तीचा तुकडा घासत बसला होता, चेन सुरसुर सरकेपर्यंत.

वहिनीला व्हिसा मिळाला. मुलाखतीत काय विचारलं, काय सांगितलं, हे ती पुढे कित्येक दिवस रंगवून सांगायची, आणि दर वेळी अधिकाऱ्याच्या कॉलरची इस्त्री आधीपेक्षा वाईट होत जायची. जायच्या दिवशी तिने धाकट्याला दुकान समजावलं, डॉक्टरांचे कोट वेगळे, शाळेचे गणवेश वेगळे, आणि कुठल्या म्हातारीच्या साडीला गरम इस्त्री चालत नाही ते. बायकोसाठी काय निरोप, म्हणाली. तो तिच्या बॅगेचा पट्टा सरळ करत राहिला. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, नाडी बांधावी तसं, आणि गाडीत बसली.

मग दोघे भाऊ राहिले. दादा करपवायचा, धाकटा खारट करायचा, दोघेही नावं ठेवायचे नाहीत. रोज फोनवर धाकट्याला तिकडची खोली दिसायची. खिडकीत वहिनीचं लुगडं वाळत घातलेलं, बायकोचे सुजलेले पाय वहिनीच्या मांडीवर, आणि दोघी कुठल्यातरी गोष्टीवर हसत असलेल्या, जी त्याला सांगायची नसायची. न्हावी म्हणायचा, जावाजावांचं इतकं पटलं तर शेजारणींनी जगायचं कशावर?

एका सकाळी तो पांढऱ्या कोटाची बाही ताणत असताना फोन वाजला. आधी नुसता श्वास, मग वहिनीचा घोगरा आवाज.

“मुलगी आहे. दोघी खुशाल. आणि ऐक, कान तुझ्यावर गेलेत. आतापासून लाल आहेत. काय लपवतेय कोण जाणे.”

धाकट्याने इस्त्री सोडून फोन दोन्ही हातांनी धरला. कोटाच्या बाहीवर इस्त्री तशीच होती. दादाने ती उचलली, आणि कधी नव्हे तो मोठ्याने हसायला लागला, डोळे पुसत.

थोड्या वेळाने बायको बोलली. थकलेली होती, पण आवाजात भीती नव्हती. “ताईंनी हात सोडलाच नाही,” ती म्हणाली. “मी इतका दाबला, कोणाचाही मोडला असता. त्या म्हणाल्या, दाब, इस्त्री धरून धरून लाकूड झालाय माझा. आणि गात होत्या अरे. दाई थांबून ऐकत होती.” मग म्हणाली, “तू घरचा होऊनच ये. आम्ही आहोत.”

ठरल्या दिवशी वहिनी परत आली, शब्दाला जागून. गाडीतून उतरली ती वर गेलीच नाही, थेट दुकानात शिरली. धाकट्याने मनात कितीतरी दिवस वाक्यं जुळवली होती. तू नसतीस तर, असं काहीतरी सुरू होणारी. घरच्यांचे आभार मानायची रीत नाही आणि शब्दही नाहीत, हे जुळवताना त्याच्या लक्षात आलं होतं, तरी त्याने जुळवली होती. तो तोंड उघडणार इतक्यात तिने त्याच्या ढिगातली वरची घडी उलगडली.

“कॉलर पुन्हा मधून टोकांकडे नेलीस,” ती म्हणाली. “टोकांकडून मध्ये आणायची. किती वेळा सांगितलं? मधून सुरुवात केली की सुरकुती टोकाला जाऊन साठते.”

“चुकलं,” धाकटा म्हणाला, आणि सगळी वाक्यं त्या एका शब्दात बसली. तिलाही ती ऐकू आली असावीत, कारण ती कॉलरवरून उगाच अंगठा फिरवत राहिली.

मग तिने बॅगेची चेन ओढली. ती सुरसुर सरकली. आतून वहिनीने तळहाताएवढं झबलं काढलं, बाळाच्या अंगातलं, न धुतलेलं, प्रवासात चुरगळलेलं, आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. धाकट्याने ते नाकाशी धरलं. दुधाचा वास, आणि खाली दुसरा कसला तरी, ज्याला अजून नाव नव्हतं.

त्याचा कागद आला तो लेक बसायला लागल्यावर. दाराशी त्याला विचारलं, किती दिवस राहणार, आणि तो म्हणाला, आता इथेच, आणि कानांची आठवणही झाली नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी दादा वर चुलीपाशी होता. वहिनीने पदर खोचला आणि आपली इस्त्री तापवली. धाकट्याने झबल्यावर इस्त्री फिरवली नाही. त्याने चार थेंब शिंपडले, ते हळूच गुंडाळलं आणि टेबलाच्या कोपऱ्यात, ऊन लागणार नाही असं ठेवून दिलं. घाई नव्हती. पलीकडच्या टेबलावर वहिनी गुणगुणत होती, आणि या वेळी दुसरी ओळ त्याने म्हटली.