बाहेरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. आतली नव्हे हं, दाराबाहेरची! न्यूझीलंडमध्ये ओहाकुने नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे स्कीइंगला झुंबड उडते. त्या गावाच्या वर, डोंगरातल्या एका लाकडी झोपडीच्या दाराला मी आहे. चालून दमलेले लोक इथे घटकाभर टेकतात.

हॅमिल्टन शहरातल्या एका कारखान्यात मी घडले. सुताराने मला इथे बसवलं, हिसके देऊन पाहिलं आणि म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास! तेव्हापासून वारा येऊन धडकला, रात्री हिंडणाऱ्या पॉसम नावाच्या केसाळ प्राण्यांनी नखं मारली, पण मी हटले नाही. भारी ऐट होती मला त्याची! आता गंज चढलाय. तेलाचा थेंब कोणी घालत नाही. पण बसले की घट्ट बसते.

यंदा एप्रिलमध्ये, इथल्या पानगळीच्या दिवसांत, हॅमिल्टनच्याच रोटोटुना भागातून चार मित्र आले: विवेक, निवेदिता, सुखदा आणि शुभम. धपाटे काय, ठेचा काय, दही काय! डोंगर चढायला आले होते की डोहाळजेवणाला, कोण जाणे. जेवणानंतर सुखदा आणि शुभम फोटो काढत पुढे निघाले. विवेक बाहेर टाकीपाशी डबे विसळत होता. निवेदिताचं डोकं दुखत होतं. कोणाला न सांगता ती आतल्या कोपऱ्यातल्या बाकावर बॅग उशाला घेऊन आडवी झाली.

"गेले वाटतं सगळे," विवेक पुटपुटला. आत न डोकावताच त्याने दार ओढलं आणि मला सरकवलं. निघताना कडी लावायचीच, ही त्याला घरची सवय. वर एकदा ओढूनही पाहिलं आणि तो चालू लागला.

थोड्या वेळाने आतून दार हललं.

"विवेक? अरे, उघड ना! पुरे झाली मस्करी."

मग धक्के, मग बुक्क्या. खिडकी हातभर, तीही न उघडणारी. फोनला रेंज नाही. शेगडी विझलेली. बाहेर धुकं उतरत होतं. मित्रांनो, फार तळमळले हो मी! माझा एखादा स्क्रू ढिला असता तर! ती आत कोंडलेली आणि मी बाहेर अडकलेली. तिच्या प्रत्येक धक्क्याबरोबर मी आणखीच रुतत होते. शेवटी ती दाराला पाठ टेकून खाली बसली आणि रडू लागली.

तिकडे काय झालं, ते मला नंतरच्या भांडणातून कळलं. खाली पुलावर विवेकने सुखदा आणि शुभमला गाठलं, थर्मासमधला चहा ओतला आणि एक कप उरला.

"निवेदिता कुठेय?"

"तुझ्याबरोबर नव्हती?"

"छे! तुमच्याबरोबर ना?"

तिघं धावत परत आले. गंजामुळे मी हलेना. अखेर दगडाने ठोकून विवेकने मला मागे सारलं.

"अगं, मला वाटलं तू पुढे गेलीस..."

"वाटलं? मेले असते ना रे मी इथे!" निवेदिता ओरडली. सुखदाने तिला जवळ घेतलं.

निघताना विवेकने दार ओढलं, पण मला हात लावायला तो धजेना. निवेदिताने त्याला बाजूला केलं आणि दार पुन्हा उघडलं. तिघंही तिच्यामागे उभे होते. तरी तिने रिकाम्या झोपडीत मोठ्याने हाक मारली, "आत कोणी आहे का?" ती थांबली. उत्तर आलं नाही, तेव्हाच तिने मला लावलं.

मित्रांनो, मला दार बंद करता येतं, विचारता येत नाही. तेवढं तुम्ही विचारत जा.