आमच्या घरातले संध्याकाळचे बटण

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब केलेत आणि अंगठ्याला काहीतरी गार, पत्र्याचे लागले, तर समजा की ते माझेच अंग आहे. मी संगणक आहे. एके काळी करडा होतो. आता माझ्या रंगाला काय म्हणावे ते मलाही ठाऊक नाही.

मला या घरात आणले ते नकाशेवाल्यांनी. लोक त्यांना त्याच नावाने हाक मारत. ते घरांचे नकाशे काढत. खिडकी कुठे, जिना कुठे, दार आत उघडणार की बाहेर, हे सारे माझ्या पडद्यावर ठरे. मी तेव्हा नवा होतो आणि माझे कौतुकही फार होई. शेजारी मला बघायला येत आणि लांबूनच बघून जात. संध्याकाळ झाली की नकाशेवाले मला बंद करत, भिंतीवरचे बटण खाली करत, त्यांच्या बायकोने शिवलेले खाकी आवरण माझ्यावर घालत आणि म्हणत, "झालं आजचं." घरी असतील त्या दिवशी हा नेम चुकला नाही. वापरात नसलेले यंत्र चालू ठेवणे त्यांना बिलकूल खपत नसे.

पुढे ते आजारी पडले आणि गेले. माझ्यावरचे आवरण तसेच राहिले. त्यावर इस्त्रीचे कपडे, मग जुनी छत्री, मग एक फुटकी कुंडी असे सामान येत गेले. मला दुःख झाले का, असे तुम्ही विचाराल. यंत्राचे तसे नसते. बंद असताना काळ जातो हेच मला कळत नाही; त्या वेळचे जे सांगतो, ते नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलेले.

मला पुन्हा उघडले ते त्यांच्या मुलीने. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. घरातले सगळे फोटो इंटरनेटवरच्या ज्या कंपनीकडे ठेवलेले होते, त्या कंपनीने आपली सेवा बंद करत असल्याचे कळवले होते. मुलीचा भाऊ दूर दुसऱ्या देशात असतो. त्याच्या लहान मुलीने आजोबांना पाहिले ते फक्त फोटोत. तेही फोटो मोजकेच, कारण कॅमेरा नेहमी नकाशेवाल्यांच्याच हातात असे.

"आता कुणाच्या दारात जायचं नाही, दादा," ती फोनवर म्हणाली. "बाबांच्या कॉम्प्युटरवरच आपलं स्वतःचं ठेवते सगळं. तू तिकडून उघड, आम्ही इकडून."

तिने कुंडी उतरवली, माझ्या पोटातली धूळ ब्रशने झाडली, एक मोठी नवी डिस्क बसवली आणि फोटो ठेवण्याचा, वाटण्याचा प्रोग्रॅम माझ्यावर घालायला घेतला. वाचायला पाने खूप होती. दुसऱ्यांचे दात बसवणारी ती, स्वतःचे ओठ चावत बसली होती. एक चुकले की सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पडद्यावर फोटो उमटले तेव्हा ती खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागली. कंपनीकडचे सारे फोटो तिने माझ्याकडे उतरवले. काही दिवसांनी कंपनीनेही दार लावून घेतले.

आता तिची चूक सांगतो. असा प्रोग्रॅम राहतो तो माझ्या आत बांधलेल्या एका तात्पुरत्या खोलीत. नवी आवृत्ती आली की जुनी खोली पाडतात आणि नवी बांधतात. म्हणून फोटो खोलीत न ठेवता बाहेर, मोठ्या डिस्कवर ठेवायचे असतात. ते सांगणारी पायरी वाचताना तिला कारखान्यातून फोन आला आणि परत येऊन ती पुढच्या पायरीला लागली. फोटो खोलीतच राहिले. तिच्या कारखान्यात साच्याची दुसरी प्रत काढल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. घरी मात्र ती हे साफ विसरली. मला हे ठाऊक होते. पण विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नाही.

घरात भांडण होते ते वेगळ्याच गोष्टीवरून. आई, म्हणजे नकाशेवाल्यांची बायको, घराबाहेर पडताना आणि रोज संध्याकाळी भिंतीवरचे बटण खाली करी. मग तिकडून भावाचा फोन येई, "अगं, फोटो उघडतच नाहीत!" मुलीने आईला हात जोडून सांगून पाहिले, रागावून पाहिले, बटणावर चिकटपट्टीही लावली. आईने चिकटपट्टी नखाने काढली.

एका सकाळी मुलीने नवी आवृत्ती घालायची आज्ञा मला दिली आणि ती कामावर गेली. इंटरनेट रडतखडत चालले होते. नवे सामान येऊन पोचले की जुनी खोली पाडायची, अशी आज्ञा होती. मला भीती वाटली असे सांगितले तर तुम्हाला आवडेल, पण ते खोटे ठरेल. मी सामान उतरवून घेत होतो, इतकेच. सामान जवळजवळ येऊन पोचले होते. तेवढ्यात आई पिशवी घेऊन निघाली आणि जाता जाता तिने बटण खाली केले. आज्ञा अर्ध्यावरच तुटली.

संध्याकाळी मुलगी तणतणत आत आली.

"आई, पुन्हा बंद केलंस?"

"घरात कुणी नव्हतं. एकटाच घोंघावत बसला होता."

"अगं, नवी आवृत्ती घालत होते मी! काही मोडलं असेल तर?"

मोडलेले बघायला म्हणून तिने मला सुरू केले आणि आधी मोठी डिस्क उघडली. डिस्क रिकामी होती. बराच वेळ ती शोधत राहिली. मग तिला ती खोली सापडली आणि आपण काय केले तेही कळले.

"फोटो गेले?" आईने विचारले.

"गेले असते. तू बटण बंद केलं नसतंस तर सगळे गेले असते."

"ह्यांचेसुद्धा?"

"बाबांचेसुद्धा."

आई खुर्ची ओढून बसली. फोटो मोठ्या डिस्कवर आणि मग आणखी एका छोट्या डिस्कवर उतरेपर्यंत ती माझ्या शेजारून हलली नाही. पडद्यावर नकाशेवाले आले तेव्हा दोघीही रडल्या.

"मी उगाच नव्हते गं बंद करत," आई म्हणाली. "ते गेल्यावर त्यांचं कुठलं काम मला करता येणार होतं? नकाशे काय मला येतात? एवढं एकच येत होतं."

दुसऱ्या दिवशी मुलीने छोट्या डिस्कला वेगळे बटण बसवून दिले.

मित्रांनो, माझ्यावर फार विसंबू नका. मी म्हातारा आहे, एक दिवस न सांगता बंद पडेन. जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत ठेवा. आणि घरातले माणूस रोज एखादे बटण बंद करत असेल, तर ओरडण्याआधी जरा विचारा.

मी आता दिवसरात्र चालू असतो. संध्याकाळी आई छोटी डिस्क सुरू करते, तिच्यावर दिवसाचे फोटो उतरतात, काम संपले की तिचा छोटा दिवा विझतो. मग आई तिचे बटण खाली करते, माझे खाकी आवरण कापून शिवलेली टोपी तिच्यावर घालते आणि म्हणते, "झालं आजचं."