चाळिसावं काडतूस

शिसं रेनो वितळवतो, दारू मी भरतो. वडील गेल्यापासून आम्हा भावांत ही वाटणी आहे. कडी ओढून काडतूस चढवायची त्यांची जुनी बंदूक आमच्याकडे आली, पण तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन वीस वर्षं झाली. म्हणून हरणांचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे म्हातारे शेडमध्ये बसतो. रेनो गाड्यांच्या चाकांची शिशाची वजनं भांड्यात वितळवतो, वरची मळी काढतो, साच्यात ओततो आणि गोळ्या जुन्या टॉवेलवर पाडतो. मी वापरलेल्या पितळी नळकांड्यांत बंदुकीची दारू घालून वर गोळी बसवतो. दारूला त्याने आजवर हात लावलेला नाही. मीच लावू दिला नाही.

यंदा त्याने विषय काढला. सप्टेंबरात माझा खुबा बदलला, तेव्हापासून तो माझ्याशी आजारी गाईशी बोलावं तसा बोलतो.

"ओलावी, हात थरथरतोय तुझा. यंदा मी भरू का?"

"तू चड्डीत मुतत होतास तेव्हापासून भरतोय मी."

"म्हणून तर म्हणतोय. आता तुझी पाळी आलीय."

मला हसू आलं नाही. चाळीस भोकांच्या फळीत नळकांडी उभी होती आणि मी अर्ध्यावर आलो होतो. मापाचा चमचा हातात धरूनच मी त्याला सुनावायला लागलो. त्याची मोडलेली दोन लग्नं काढली, वडिलांच्या आजारपणात तो डेट्रॉईटला जाऊन बसला होता ते काढलं. तो खाली मान घालून साचा पुसत राहिला. माझं बोलून झाल्यावर मी परत भरायला लागलो.

चाळीस मापांची दारू मी आधीच तोलून वाटीत काढून ठेवतो. चाळिसाव्या नळकांड्याशी आलो तर वाटी रिकामी. मी काट्याला एक शिवी हासडली आणि डब्यातून आणखी एक माप घेतलं.

आमच्या दारूचं माप लहान, नळकांडं खोल. चुकून दोन मापं पडली तरी आरामात मावतात, नुसतं वरून काही कळत नाही, आणि तसं काडतूस झाडलं तर बंदूकच फुटते. म्हणून एकेकात टॉर्च मारून बघायचं, मगच गोळी बसवायची, असा वडिलांचा नियम.

"टॉर्च मारलास का?" रेनोने विचारलं.

"आता तू शिकवणार मला?" मी म्हणालो आणि गोळ्या बसवायला घेतल्या. टॉर्च हाताशीच पडला होता.

पंधरा नोव्हेंबरला, मोसमाच्या पहिल्या दिवशी, उजाडायच्या आत तो वीस काडतुसं आणि मांस-बटाटा भरून भाजलेल्या दोन पास्ट्या घेऊन घरामागच्या बर्फाळ दलदलीकडे निघाला. फोन घरीच ठेवला. हरणांना फोनचा वास येतो म्हणतो.

"कांदा चिरून ठेव," दारातून म्हणाला. "कलेजी घेऊनच येतो."

आदल्या दिवसाचं त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या होतं. त्याच तंद्रीत मी कॉफी केली आणि पहिला घोट घेतला तर गोडमिट्ट. साखर दोनदा घातली होती. कप तसाच हातात राहिला आणि मला वाटी आठवली. काटा बरोबर होता. मी बोलत होतो तेव्हा एका नळकांड्यात दोनदा माप पडलं होतं.

तेव्हाच निघायला हवं होतं. रेनोची बसायची जागा दोन मैलांवर आहे, आणि काठी घेऊन मी चाललो असतो. मोसमाचा पहिला दिवस, गावातले सगळे पुरुष रानात. दुसऱ्या कुणाला पाठवायची सोय नव्हती. पण गेलो असतो तर त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून मी शेडमध्ये गेलो. वीस काडतुसं घरात होती. ते एक त्यांच्यातच असलं तर त्याला काही कळायचंच नाही.

भरलेलं काडतूस तोलून उपयोग नसतो. ओतीव गोळ्यांच्या वजनातच दारूपेक्षा जास्त फरक पडतो. काडतूस पोकळ डोक्याच्या हातोड्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी आणि दारू आत गळून पडते. पहिल्यातलं माप बरोबर निघालं. दुसऱ्यातलंही बरोबर. देवा, एक तरी चुकीचं निघू दे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो.

अकरावं फोडताना आमच्या बंदुकीचा आवाज आला. नेहमीसारखा जाड, आळसट. मी ओळखला. रेनो एकाच गोळीत हरीण पाडतो, दुसरी झाडायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. मी खुर्चीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

मग दुसरा आवाज आला. तो कोरडा होता, कडाडला.

कुणा दुसऱ्याची बंदूक असेल, असं मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. आणि बारावं हातोड्यात अडकवलं. विसावं फोडेपर्यंत मी तिथून उठलो नाही. सगळ्यांत एकेकच माप होतं.

मग काठी घेऊन निघालो. दलदलीतल्या ओढ्याच्या अलीकडे मला तो येताना दिसला. एका हाताने झाडं चाचपत येत होता, दुसऱ्या हाताने मफलर तोंडावर दाबून धरला होता. मफलर काळा पडला होता. उजवा डोळा राहिला नव्हता. मी त्याचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही घराकडे चालायला लागलो.

"बंदूक फुटली रे," तो म्हणाला. "पहिली गोळी पायाला लागली, हरीण उठून पळालं. मी मागे धावलो, ओढ्यात पडलो. नळी बर्फात खुपसली गेली असणार. बघितलंच नाही मी. तशीच झाडली."

मी त्याचा मफलर आणखी घट्ट दाबून धरला.

"वडिलांची बंदूक घालवली मी, ओलावी. तू असतास तर दोनदा बघितलं असतंस."

"बोलू नकोस, रक्त जातंय."

"बर्फच गेला असणार ना?"

"हो," मी म्हणालो. "बर्फच असणार."